तीनदा परत आला तर घरचा

४ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आधी चष्मा पुसून घ्या आणि मग वाचा, नाहीतर माझं अक्षर किरटं म्हणून मलाच नावं ठेवाल.

फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूलही करत नाही. मागच्या खेपेला मी गुडघ्यांबद्दल बोलत होते आणि तुम्ही बराच वेळ घोड्यांबद्दल. तेव्हा पत्रच बरं.

इकडे घरची मंडळी मजेत आहेत. मंडळी म्हणजे आम्ही दोघं नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या दिव्यामागचा मुकादम चांगला जाडजूड झालाय. संध्याकाळ झाली की बाहेर येतो, भिंतीवर ठाण मांडतो आणि मी कांदा नीट चिरते की नाही ते बघत बसतो. तुमच्या पिशवीत बसून थेट तुमच्या घरापर्यंत गेलेली पाल याची बहीण की बायको, कोण जाणे. त्यावरून अजून राग धरलाय का? "या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही" म्हणालात ते म्हणालात, पण इतकी वर्षं? एव्हाना पालसुद्धा विसरली असेल.

यंदा कुंभारीण माशीने कपाटाच्या कुलपाच्या भोकात घर बांधलंय. चिखलाने भोक असं लिंपून टाकलंय की किल्ली जात नाही. आत माझी लोकरीची शाल आहे. यांचं म्हणणं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, तोवर थंडी संपेल. तर म्हणाले, "मग शाल कशाला हवी?" 

पुढच्या बागेत गोगलगायींसाठी पालेभाजीची वेगळी रांग लावलीय. गोगलगायींना हे कुणी सांगितलेलं नाही. त्या आमची रांग खातात आणि त्यांची रांग मजेत डोलत असते. शेवटी आम्ही त्यांच्या रांगेतली भाजी खातो. गोगलगायींचं उरलंसुरलं खाऊन दिवस काढतेय तुमची भावजय.

तुमच्या धाकट्या भावाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. भुंगा, गांधीलमाशी, वाट चुकलेला टोळ, कोणी का असेना, त्याच्यावर काचेचा ग्लास ठेवायचा, खालून मुलाच्या लग्नाची उरलेली पत्रिका सरकवायची (तेवढा जाड कागद दुसरा मिळत नाही म्हणे) आणि दारापर्यंत सोडायला जायचं. "अहो, चला. बाहेर मोकळं आहे." बाहेरही उन्हात सोडायचं नाही, कुंड्यांच्या सावलीत सोडायचं. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "झुरळाला अहो आणि बायकोला अगं?" तर म्हणाले, "ते पाहुणे. तू घरची." तेव्हा मला हसू आलं होतं.

यांनी कवळ्या करणं सोडलं, पण अर्धी गल्ली अजून यांच्याच दातांनी जेवते. रस्त्यात कोणी भेटलं की आधी तोंडाच्या आत बघतात, चेहऱ्याकडे मग. तुमची कवळी वापरता ना? की टोचते म्हणून डबीत ठेवलीय? यांच्या हातची आहे, टोचत असली तरी वापरा.

बाकी हे जरा विसरतात आताशा. वयच आहे ते.

एकदा येऊन जा ना. सहज म्हणते.

तुमची
भावजय


१९ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. "ते प्राणिसंग्रहालय बंद झालं की कळव, मग येईन." दोनच ओळी, पण तुमचा आवाज इथपर्यंत ऐकू आला. मी ते यांना वाचून दाखवलं. पोटभर हसले. मग मला विचारलं, "कोणाचं पत्र?" मी म्हटलं, "तुमच्या ताईंचं." म्हणाले, "हां, हां. वरचे पुढचे दोन दात जरा पुढे. खालची अख्खी मीच केलेली." म्हणजे बघा, तुम्ही चांगल्या लक्षात आहात.

आता तुमच्या भाच्याच्या तोंडून तुम्हाला कळेलच, त्याआधी मीच सांगते. मागच्या आठवड्यात एक गोगलगाय मोठ्या रस्त्यावर निघाली होती. हे भाजी आणायला गेलेले. पिशवी रस्त्यात ठेवली, तिच्या मागे मधोमध उभे राहिले आणि हात पसरून गाड्या थांबवल्या. गोगलगाय ती, पलीकडे जायला तिला किती वेळ लागणार तुम्हीच सांगा. उचलून का नाही ठेवली, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, तिला तिच्या पायांनी जायचं होतं. गोगलगायीला! एका ट्रकवाल्याने खाली उतरून यांची गचांडी धरली. शेजारचे टेलरमास्तर तिथे होते म्हणून निभावलं. त्यांनी मधे पडून हाताला धरून घरी आणलं.

घरी आल्यावर मला हळूच विचारतात, "हे गृहस्थ कोण?" आम्ही कित्येक वर्षं एका भिंतीचे शेजारी. मास्तर बिचारे कसनुसं हसले, आणि हसल्यावर दात दिसले. तेव्हा हे एकदम खुलले. "अरे मास्तर! डावीकडचा सुळा जरा जास्त घासला गेला होता माझ्याकडून, राहूनच गेलं बघा ते." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा टाकायला आत गेले.

कोणीतरी तुमच्या भाच्याला कळवलं. तो आला, रजा काढून आला. चिडला नाही हो, चिडला असता तर मलाही भांडता आलं असतं. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, पुढच्या वेळी ट्रकवाला उतरणार नाही." त्याने एक जागा बघून ठेवलीय. अशा म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. स्वच्छ, म्हणतो. दर आठवड्याला फवारणी होते, एक मुंगी दिसायची नाही. हे तो मला कौतुकाने सांगत होता. याच घरात वाढलेला मुलगा, लहानपणी मुंग्यांसाठी खिडकीत साखर ठेवणारा. पण त्याचं तरी काय चुकलं? तो रोज फोनची घंटा वाजली की दचकतो.

मी म्हटलं, "मी आहे ना इथे. मी म्हणेन ते ऐकतात."

तो म्हणाला, "तुला ओळखतात तोवर ऐकतील."

मग आमचं ठरलं. यांनी मला ओळखणं सोडलं, की मी हट्ट करायचा नाही. मी हो म्हटलंय. त्याला अजून पुष्कळ वेळ आहे.

आता एक विचारायचं होतं. सहजच, काही विशेष नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात न्हाणीघराच्या मोरीत एक बेडूक बसलेला असायचा. मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. हे म्हणाले, "दोनदा सोडून आलो. आज परत आला तर तिसरी खेप." आला. तेव्हा यांनी त्याच्यापुढे बशीत पाणी ठेवलं आणि मला सांगितलं, आमच्या आईचा नियम आहे, तीनदा परत आला तर तो घरचा, मग त्याला काढायचं नाही. मी रागारागाने माहेरी निघून गेले आणि चार दिवसांनी मुकाट्याने परत आले. तर दारातच, "एकदा झालं!" पुढे कितीतरी वर्षं माहेरून आले की हेच. "ही बघा, परत आली. आता काय, घरचीच."

तर वन्सं, हा नियम खरंच सासूबाईंचा का? की हे मला बनवत होते? तुम्ही मोठ्या, तुम्हाला आठवत असेल. एवढं मात्र उलट टपाली कळवा.

तुमची
भावजय


२ एप्रिल

वन्सं,

आज नमस्कारात वेळ घालवत नाही, मनात केलाय तो घ्या.

कार्ड मिळालं. "आईचा असला काही नियम-बियम नव्हता. चिमण्यांच्या घरट्यासाठी माझा पलंग हलवला, तेव्हा नियम कुठे होता? एक बेडूक सारखा यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा आई दमली होती, म्हणाली राहू दे मेल्याला. धाकट्याने त्याचा नियम केला." असं लिहिलंत.

वाचून मी ओट्याला टेकून उभी राहिले. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई एवढ्या तातडीने बेडकाची चौकशी का करतेय. तर आता सांगते. मागचं पत्र लिहिलं, तेव्हा ते एकदा होऊन गेलेलं होतं. "अजून पुष्कळ वेळ आहे" हे मी तुम्हाला लिहीत नव्हते, मलाच सांगत होते.

सकाळची वेळ होती. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. हे ग्लास आणि पत्रिका घेऊन आत आले. मला वाटलं, माझ्या मागे तावदानावर काहीतरी बसलं असेल. मी वळून बघितलं, काही नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं. मग ग्लासकडे बघितलं. परत माझ्याकडे. आणि ग्लास ओट्यावर ठेवून दिला. वन्सं, तो ग्लास मला लहान पडतो हे त्यांच्या लक्षात आलं.

मग जवळ आले. माझ्या कोपराखाली हात धरला, लागू न देता, फुलपाखराच्या खाली धरतात तसा. आणि म्हणाले, "अहो, चला. बाहेर मोकळं आहे."

मी हसले. गंमत करताहेत असं वाटलं. हसतच त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले. त्यांनी मला कुंड्यांच्या सावलीत उभं केलं, ऊन लागत नाही ना ते बघितलं, आणि आत जाऊन कडी लावली. तेव्हा माझं हसू गेलं.

पहिल्यांदा मी मागच्या दाराने आत आले. हे खुर्चीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "अगं, शेंगा तशाच टाकून कुठे गेलीस?" मी देवाचे आभार मानले आणि शेंगा सोलल्या. ते मी तुम्हाला लिहिलं नाही, तुमच्या भाच्याला सांगितलं नाही, मास्तरांकडे बोलले नाही. असं एखाद्या वेळी होतं, म्हटलं.

दुसऱ्यांदा झालं ते कपड्यांच्या घड्या घालताना. त्या वेळी मी हसले नाही. मी म्हटलं, "अहो, मी आहे!" ते म्हणाले, "अहो, तेच म्हणतोय, चला." मी "अहो" म्हणते, तेही "अहो" म्हणतात. बघणाऱ्याला वाटलं असतं, दुकानातल्या रांगेत दोन अनोळखी माणसं एकमेकांना पुढे जायला सांगताहेत. मी रडले, ओरडले, शेवटी त्यांच्या सदऱ्याला धरून लोंबकळले. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. एवढंही दुखलं नाही हो. आयुष्यात त्यांनी कोणालाही बाहेर काढताना पाय मोडू दिला नाही, माझंही बोट दुखू दिलं नाही. एखादी शिवी दिली असती, ढकललं असतं, तर मी म्हटलं असतं, आजार आहे, हे आमचे हे नव्हेत. पण हे अगदी आमचेच हे होते. नेहमीसारखेच चांगले. फक्त मी त्या चांगुलपणाच्या पलीकडच्या बाजूला गेले होते.

त्या दिवशी आत आले तेव्हा "अगं" आलं नाही.  एका खोलीत मी, एका खोलीत ते.

मला माझ्या दातांचा राग येतो आता. तुम्हाला सांगितलं तर हसाल. सगळी गल्ली यांच्याकडून दात करून घेऊन गेली आणि मी मात्र लेकाच्या लग्नातही सुपारी फोडून दाखवत होते, माझे अजून माझेच आहेत म्हणून. मास्तरांना ओळखतात. कोपऱ्यावरच्या वाणीणबाईला ओळखतात. माझ्या तोंडात त्यांच्या हातचं काही नाही. काल आरशासमोर उभी राहून मी दात हलवून बघितले. एकही हलला नाही.

तिसऱ्यांदा काल झालं. तुमचं कार्ड दुपारी आलेलं, त्यामुळे नियम खोटा हे मला माहीत होतं. हे उठले, माझ्याकडे आले, कोपराखाली हात धरला. मी आपणहून उठले आणि चालू लागले. सावलीत उभं केलं. कडी लागली. मी एका पालथ्या कुंडीवर बसून राहिले. पलीकडून मास्तरांनी विचारलं, "काय वहिनी, बागेत?" मी म्हटलं, "ऊन खातेय." सावलीत बसून. त्यांनी पुढे विचारलं नाही, भला माणूस.

समोर गोगलगायींची रांग होती. कोणीही न खाल्लेली. मला एवढं हताश कधी वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मनात आलं, आता आत जाऊच नये. लेकाला फोन करावा, म्हणावं, झालं बाबा, ये घेऊन गाडी. मी शब्द दिलाय. आणि खरं तर मीही दमलेय, वन्सं. सासूबाई दमल्या होत्या तशीच.

पण सासूबाई दमल्या तेव्हा काय म्हणाल्या? राहू दे म्हणाल्या.

या वेळी मी मागच्या दाराने गेले नाही. पुढच्या दारावर थाप मारली. पुन्हा मारली. मग कडी निघाली. हे दारात उभे. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडाकडेही बघितलं, तिथे काही सापडलं नाही.

"तीनदा झालं," म्हणाले. मला नव्हे, स्वतःशीच.

आणि दारातून बाजूला सरकले. "बरं. राहा."

राहा. वन्सं, कालपासून मी हा एकच शब्द तोंडात घोळवतेय. "बस" म्हणाले असते तर कळलं असतं, "बसा" म्हणाले असते तरी कळलं असतं. "ये" की "या", तेही कळलं असतं. पण "राहा" अगंलाही चालतो आणि अहोलाही. कोणाला म्हणाले, बायकोला की बेडकाला, याचा पत्ता त्या शब्दात नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी स्टुलावर जाऊन बसले. हे स्वयंपाकघरात गेले, खुडखुड ऐकू आली. बाहेर आले ते हातात बशी घेऊन. पाणी सांडू नये म्हणून अगदी हळू चालत. ती माझ्या पायाशी जमिनीवर ठेवली आणि मला भीती वाटू नये म्हणून दोन पावलं मागे सरकले.

मी वाकून बशी उचलली आणि पाणी प्यायले. सगळं. ते बघत होते. फार समाधानाने बघत होते.

रात्रीपर्यंत मला कोणी बाहेर काढलं नाही, आज सकाळीही नाही. मी समोरून गेले की जरा पाय आवरून घेतात, चुकून तुडवली जाऊ नये म्हणून. गोगलगायींसाठी बागेत खाली बघून चालतात ना, तसंच.

रविवारी तुमचा भाचा गाडी घेऊन येतोय. आल्या आल्या तो मला एकच विचारणार आहे, ओळखतात का तुला? मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, लहानपणीही आलं नाही. आणि खरं सांगू तर काय सांगू? ओळखत नाहीत रे, पण ठेवून घेतलंय. हे त्याला कसं समजेल? मला तरी कुठे पुरतं समजलंय? पण त्या स्वच्छ जागेत यांना ठेवून घ्यायला काही असणार नाही. तिथे हे कोणाला दारापर्यंत सोडतील? कोणासाठी बशी भरतील? आठवड्याच्या आत हातपाय गाळतील, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. दमले, पण मला ते नकोत असं एकदाही वाटलं नाही. ते मला ओळखत नसले तरी मी त्यांना ओळखते, एवढ्यावर घर चालणार नाही का? तुम्हीच सांगा.

म्हणून तुमच्या पाया पडून मागते, शनिवारपर्यंत या. राग नंतर धरा, मी गेल्यावर धरा हवं तर. पिशवी मी स्वतः झटकून देईन, मुकादमाला कपाटात कोंडीन म्हटलं असतं, पण कपाट उघडत नाही. तुमचा पलंग कोणासाठीही हलवणार नाही.

आणि कवळी घालून या. टोचली तरी घालून या. दारात आलात की आधी हसा. तुम्हाला ते नक्की ओळखतील, त्यांच्या हातचे दात आहेत तुमच्या तोंडात.

तुम्हाला ओळखलं, की मग त्यांना माझी ओळख करून द्या.

तुमची भावजय,
कालपासून घरचीच